अंजनेरीची नाणेशाळा

नाशिकहून त्र्यंबकला निघाले की वीसेक किलोमीटरवर अंजनेरीचा डोंगर समोर येतो. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून भाविक गडावर चढतात, पावसाळ्यात ट्रेकरांची रीघ लागते, आणि गावाच्या शिवारात विखुरलेली यादवकालीन देवळे पाहायला अभ्यासक येतात. याच डोंगराच्या पायथ्याशी १९८० साली नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली एक संस्था उभी राहिली. तिचे पूर्ण नाव ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज’. एवढे लांबलचक नाव रोजच्या बोलण्यात टिकणे अवघडच. आम्ही नाशिककर ‘अंजनेरीचं नाण्यांचं म्युझियम’ म्हणतो आणि रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना ते कळते.

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे स्थापना, विश्वस्त, वास्तू, प्रकाशने अशी उतरंड रचायची, हा रिवाज आहे. ते सगळे पुढे येईलच. मात्र मला या संस्थेचे जे काम सर्वांत मोलाचे वाटते, ते कुठल्याही ग्रंथसूचीत नोंदलेले नाही. परीक्षा आणि पदवी यांच्याशी काहीही देणेघेणे उरलेले नाही अशा प्रौढ माणसांना तिने नाणे वाचायला शिकवले. नुसते नाणे नव्हे. ते जिथे सापडले ती जागा, ज्या भांड्यात सापडले ते भांडे आणि सोबत सापडलेली बाकीची नाणी, असे सगळे मिळून वाचायला शिकवले.

यासाठी अंजनेरीसारखी दुसरी जागा मिळाली नसती. याच गावात सापडलेल्या ताम्रपटांचे वाचन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केले. हे ताम्रपट हरिश्चंद्रवंशी भोगशक्ती या बदामीच्या चालुक्यांच्या मांडलिकाचे आहेत. त्यातल्या एकावर कलचुरी संवत् ४६१, म्हणजे इसवी सन ७१०-११, हा काल आहे. देवस्थानाला दिलेली गावे, ओस पडलेले नगर पुन्हा वसवताना व्यापाऱ्यांना दिलेली करमाफी, गुन्ह्यांबद्दलचे दंड हे सगळे त्यांत आहे, आणि दंडाचे आकडे रूपकांत सांगितले आहेत. आणखी एक उल्लेख येतो तो ‘कृष्णराज रूपका’चा. कृष्णराज हा कलचुरी राजा सहाव्या शतकाच्या मध्यात होऊन गेला. म्हणजे राजा जाऊन दीडशे वर्षे लोटली, त्याचे घराणे या मुलखातून गेले, चालुक्यांचा अंमल आला, आणि तरी सह्याद्रीच्या या कुशीत त्याच्या नावाचा रुपया लोक घेत-देत होते. ही नाणी जिथे मिळाली त्यांतले एक महत्त्वाचे गाव म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले बागलाणमधले देवळाणे. दोन ग्रॅमच्या आसपास वजन, एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती लेख. नाणे देवळाण्यात, त्याचा लेखी उल्लेख अंजनेरीत, आणि दोन्ही समजावून सांगणारी संस्था त्याच अंजनेरीत. नवख्या माणसाला नाणेशास्त्राची गोडी लावायला एवढे पुष्कळ झाले.

संस्थेमागची मुख्य प्रेरणा डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांची. त्यांचा जन्म १९१४ मधला, मूळ गाव उत्तर प्रदेशातले आझमगढ. तरुणपणी स्वातंत्र्यलढ्यात उतरले, तुरुंगवास भोगला, पत्रकारिता केली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नाण्यांच्या विभागात काम केले आणि नंतर पाटणा संग्रहालयाचे प्रमुखपद सांभाळले. त्यांच्या अभ्यासाचा आवाका नाण्यांपुरता नव्हता. मौलाना दाऊदच्या ‘चांदायन’ या जुन्या प्रेमाख्यानाचे हस्तलिखित मँचेस्टरच्या ग्रंथालयातून हुडकून त्यांनी १९६४ साली ते संपादित करून छापले, ही हिंदी साहित्याच्या इतिहासातली मोठीच घटना. नॅशनल बुक ट्रस्टसाठी १९६९ साली त्यांनी भारतीय नाण्यांवर लिहिलेले छोटेखानी पुस्तक आजही नव्या संग्राहकाच्या हाती आधी दिले जाते. विद्वानांसाठी लिहिणारा माणूस सामान्य वाचकासाठीही तितक्याच काळजीने लिहू शकतो, याची साक्ष ते पुस्तक देते. अंजनेरीच्या संस्थेला जे वळण लागले, त्याचे मूळ मला याच स्वभावात दिसते.

त्यांना साथ मिळाली उद्योजक आणि संग्राहक के. के. माहेश्वरी यांची. ‘इंडियन न्यूमिस्मॅटिक, हिस्टॉरिकल अँड कल्चरल रिसर्च फाउंडेशन’ या न्यासाच्या छत्राखाली संस्था उभी राहिली. संग्राहकाकडे पैसा असतो, नाणी असतात. विद्वानाकडे दृष्टी असते. दोघे एकत्र आले की एरवी कपाटात बंद राहणारा संग्रह अभ्यासाला खुला होतो. आपल्याकडे असे जमून येणे दुर्मीळ, म्हणून हे आवर्जून नोंदवायचे.

पुढच्या दोन दशकांत या डोंगराच्या पायथ्याशी जे छापले गेले त्याने जगभरच्या अभ्यासकांना ‘अंजनेरी’ हे नाव लिहायला लावले. गुप्त आणि टेरी हार्डेकर यांची मगध-मौर्य काळातल्या आहत नाण्यांची सूची १९८५ साली इथून निघाली. पाच-पाच ठशांची ती चांदीची चपटी नाणी कोणत्या क्रमाने पाडली गेली असावीत, हे त्यांनी गटवार लावून दाखवले. आजही बाजारात, लिलावात, संग्रहालयात आहत नाणे आले की ‘जीएच क्रमांक कितवा?’ असे विचारतात. ती आद्याक्षरे या दोघांच्या आडनावांची. १९८९ साली माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टाकसाळी आणि नाणी यांवरचा ग्रंथ आला. १९९४ मध्ये अमितेश्वर झा आणि दिलीप राजगोर यांचे पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नाणी आणि पुरातत्त्व, नाणी आणि व्यापार, भारतात सापडलेली परदेशी नाणी अशा विषयांवर इथे आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाले आणि त्यांचे निबंध ग्रंथरूपाने आले. ‘न्यूमिस्मॅटिक डायजेस्ट’ हे नियतकालिक आहेच. पुणे विद्यापीठाने संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिल्यावर पीएच.डी.चे विद्यार्थीही येऊ लागले.

हे झाले विद्वानांचे अंजनेरी. आता आमचे.

नाण्यांच्या कार्यशाळा संस्थेने अंजनेरीत घेतल्या, बाहेरगावीही घेतल्या. त्यांना येणारा वर्ग मोठा संमिश्र असायचा. शाळांतले इतिहासशिक्षक, बँकेतले कारकून, सराफी पेढीवरचे लोक, निवृत्त इंजिनिअर, आजोबांचा डबा वारशाने मिळालेल्या गृहिणी. प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्सेत कागदात गुंडाळलेले एखादे नाणे असे आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे: याची किंमत किती? शिकवणारे त्यावर रागावत नसत. ते उलट विचारत, हे तुमच्याकडे आले कुठून? पुष्कळांना उत्तर देता येत नसे. तिथेच पहिला धडा सुरू होई.

या धड्याचे सर्वांत मोठे उदाहरण नाशिकच्या उंबरठ्यावरचे आहे. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. तेरा हजार अडीचशेच्या वर नाणी, वजन पंचवीस किलोच्या पुढे. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी १९०८ साली एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात या साठ्याचा तपशीलवार वृत्तान्त दिला. त्याआधी नहपानाची नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ठाऊक होती.

कल्पना करा, ही तेरा हजार नाणी मूठ-मूठ करून तेरा गावांच्या बाजारांत गेली असती तर? प्रत्येक नाणे खरेच असते, प्रत्येकावर दोन राजांचे ठसे असते. पण एकाच साठ्यात दोन तृतीयांश नाणी पुन्हा ठोकलेली आणि एक तृतीयांश तशीच राहिलेली, ही गोष्ट कायमची हरवली असती. सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याचे चलन गोळा करून आपल्या नावावर चालवले, हे ठामपणे सांगता येते ते साठा एकत्र राहिला आणि कुणीतरी बसून तो मोजला म्हणून. स्कॉट यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले. नाण्यांवरचे चेहरे एकाच माणसाचे वाटत नाहीत; वय, नाक, हनुवटी सगळे बदलते. ते एका कुटुंबातल्या वेगवेगळ्या व्यक्तींचे असावेत, असे त्यांनी सुचवले. हा प्रश्न हजारो चेहरे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय पडूच शकत नाही.

संग्रहालयात खऱ्या नाण्यांबरोबर हुबेहूब प्रतिकृती आणि छायाचित्रांचा मोठा साठा ठेवलेला आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला प्रतिकृती पाहून वाईट वाटते, ‘मग खरे कुठे आहे?’ असे तो विचारतो. शिकायला बसल्यावर त्यांचे मोल समजते. खऱ्या नाण्यावर वीस जणांची बोटे फिरवता येत नाहीत. प्रतिकृती फिरवता येते, उलटी करता येते, तिच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासता येते.

जोगलटेंभीसारखे पुन्हा ठोकलेले नाणे वाचायला देतात तेव्हा सुरुवातीला काहीच दिसत नाही. चांदीचा छोटा, वेडावाकडा गोल आणि त्यावर रेषांची गर्दी. मग सांगतात, दिवा बाजूने धरा. भिंगाखाली उजेड तिरपा पडला की उंचवटे सावली धरतात. तीन कमानींचा एक डोंगर वर येतो, खाली नागमोडी रेघ. हा सातकर्णीचा ठसा. नाणे पालथे केले की एका क्रूसाच्या चार टोकांना चार वर्तुळे, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. आता नजर डोंगराच्या मागे न्यायची. कमानीच्या वर केसांच्या बटा दिसतात, एका बाजूला नाकाचे टोक निसटून बाहेर आलेले असते. तो नहपान. नाणे फिरवत राहिले तर काठाशी ग्रीक अक्षरांचे अवशेष सापडतात. ती लिपी ठसा कोरणाऱ्याला वाचता येत नसावी, इतकी ती अक्षरे बिघडलेली असतात. दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठीतल्या लेखाचे तुकडे, बाण आणि वज्र. सातकर्णीच्या ब्राह्मी लेखातले ‘गो’ अक्षर ओळखू आले की पुढचे ‘तमि’ आपोआप लागत जाते. माझ्या शेजारच्या बाईंनी ते अक्षर पहिल्यांदा ओळखले तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवून आजूबाजूच्या सगळ्यांना बोलावून दाखवले. त्या वयाच्या माणसाला नवी लिपी वाचता आल्याचा आनंद काय असतो, ते मी तेव्हा पाहिले.

या धड्याचा दुसरा अर्धा भाग नाशिकच्या पांडवलेणीत आहे. डोंगराच्या पायऱ्या चढून दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभे राहिले की नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख डोळ्यांसमोर येतो. शाळेच्या सहलीत ‘हा प्राचीन लेख आहे’ एवढेच सांगून आम्ही शिक्षक मुलांना पुढे नेत असू. नाणी वाचायला शिकलेल्या माणसाला तोच लेख हिशेबाच्या वहीसारखा वाचता येतो. उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, कायम ठेव म्हणून दिले. त्यांतले दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आता गणित करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब तंतोतंत जुळतो. याच लेखात सत्तर हजार कार्षापणांचे दान सांगताना एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण या भावाने ते दोन हजार सुवर्ण होतात, असा हिशेबही दिला आहे. सोन्याचांदीच्या भावाचा इतका जुना आणि इतका स्पष्ट दाखला आपल्या शहराच्या कुशीत दगडावर कोरलेला आहे.

गोवर्धन गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे. तिथल्या विणकरांच्या हाती गेलेले नाणे कसे होते? जोगलटेंभीला सापडले तसेच असणार. आणि पांडवलेणीतल्याच तिसऱ्या लेण्यात, सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात, आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश संपवल्याचा अभिमान कोरलेला आहे. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तने शेत सातकर्णीने भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. जमिनीवरचे नाव बदलले, नाण्यावरचे नाव बदलले, आणि दोन्ही बदल याच परिसरात पुराव्यासह उरले. सातवाहनांच्या इतिहासाचे इतके मुद्देसूद प्रकरण महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे आहे, मला माहीत नाही.

नाणे घडते कसे, हाही शिकण्याचा मोठा भाग. राजांच्या नावांत अडकलेल्या आमच्यासारख्यांना कारागिरीकडे वळवणारा. आहत नाण्यात आधी चांदीचा पत्रा कापून वजनाला बसवायचा, कोपरा छाटून वजन नेमके करायचे आणि मग एकेक चिन्ह वेगळ्या ठशाने ठोकायचे. म्हणून त्यांचे कोपरे असे तिरके दिसतात. पुढच्या काळात खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, वर तापवलेली चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि वरून घणाचा घाव. ठशावर अक्षर उलटे कोरावे लागते. कारागीर चुकला की नाण्यावर अक्षर उलटे उमटते, आणि अशी नाणी खरोखर मिळतात. नाशिकच्या तांबट आळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. घावाचा जोर किती, धातू किती तापवला, पत्रा कुठे फाटला, हे तो नाण्याच्या काठावरून सांगतो. विद्यापीठातल्या अभ्यासकानेही अशा माणसाशेजारी बसावे असे मला नेहमी वाटते.

त्यानंतरचा विषय सफाईचा, आणि इथे प्रत्येकाला धक्का बसतो. घरी तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राखेने लख्ख घासायची सवय असल्यामुळे तांब्याचे जुने नाणे हाती आले की आपण तेच करतो. शतकानुशतके मातीत राहून नाण्यावर चढलेला हिरवट-तपकिरी थर हेच त्याचे कवच असते. अक्षरांचा उंचवटा कित्येकदा त्या थरातच शिल्लक राहिलेला असतो. चिंचेने तो निघाला की खाली गुळगुळीत तांबे उरते, आणि त्या नाण्याने जे सांगायचे ते संपते. शिकवतात ते एवढेच: शुद्ध केलेल्या पाण्यात भिजत ठेवा, मऊ ब्रशने सुटी माती काढा, हिरवी पूड सुटत असेल तर जाणकाराला दाखवा, आणि शंका आली की हात लावू नका. नाणे कडेने धरा. प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटात ठेवू नका, त्यातून सुटणारा वायू धातूला खातो. वजन सोनारकाट्यावर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत करा. या चार गोष्टींनी नाशिक जिल्ह्यातली किती नाणी वाचली असतील, त्याची मोजदाद कोणी करणार नाही.

मराठ्यांच्या नाण्यांवर सगळेच खूश असतात, कारण शिवराई घराघरांत असते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, ही अक्षरे लहान मूलही लावते. पण शिवराई पुढे पेशवाईतही पाडली गेली आणि इंग्रजी अमदानीतही बाजारात चालत राहिली. अक्षरांचे वळण, शुद्धलेखन, ठिपके, चिन्हे यांवरून तिचे असंख्य प्रकार होतात. ‘आमच्याकडे महाराजांच्या काळातले नाणे आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्याला ते नंतरचे आहे हे समजावणे नाजूक काम. ते इथे फार सौजन्याने केले जाई: दहा शिवराया एका ओळीत मांडायच्या आणि त्यालाच फरक शोधायला लावायचा.

रुपयाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. मोगलांनी नाशिकला गुलशनाबाद नाव दिले होते. मराठ्यांचा अंमल आला तरी इथल्या टाकसाळीच्या रुपयावर गुलशनाबाद हेच नाव आणि दिल्लीच्या बादशहाचा फारसी लेख राहिला. चांदवडच्या रुपयावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. सत्ता पेशव्यांची किंवा होळकरांची, नाव शाह आलमचे. कारण व्यापाऱ्याचा भरवसा ओळखीच्या नाण्यावर. या रुपयांची आणखी अडचण अशी की ठसा नाण्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर लेखाचा तुकडाच उमटतो, टाकसाळीचे नाव तर बहुतेक वेळा काठाबाहेर गेलेले. मग एकाच प्रकारची पाच-सहा नाणी घेऊन त्यांवरचे तुकडे जोडत पूर्ण लेख कागदावर उतरवावा लागतो. माहेश्वरी-विगिन्स ग्रंथातली रेखाटने पाहताना हे कष्ट डोळ्यांसमोर येतात. एकेका टाकसाळीचे पान असे कैक नाण्यांतून जुळवलेले आहे.

चलनाचा हा धागा नाशिकमध्ये कधी तुटलाच नाही. १९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आला, १९२८ पासून करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा आणि टपाल तिकिटे विलायतेत छापून येत. उषवदाताच्या कार्षापणापासून आपल्या पाकिटातल्या नोटेपर्यंत दोन हजार वर्षांचे चलन पंचवीस-तीस किलोमीटरच्या टापूत दाखवता येईल, असे शहर देशात क्वचितच असेल. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी केलेल्या घरांतली माणसे नाण्यांच्या वर्गात हटकून रमतात. नक्कल ओळखणे, कागदावरची बारीक रेघ पाहणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते.

आता गोदावरीविषयी. रामकुंडापासून खालच्या घाटांपर्यंत नदीत नाणे टाकायची प्रथा जुनी, आणि पुराने वरच्या वस्त्यांतली नाणी वाहून आणायचा क्रम त्याहून जुना. नदीचा गाळ चाळून पोट भरणारे झारेकरी नाशिकमध्ये पिढ्यान्पिढ्या आहेत. सराफ बाजारातली धूळ धुऊन सोन्याचा कण काढणारे हेच लोक. पाणी ओसरले की त्यांच्या घमेल्यात सातवाहनांची शिशाची, पोटीन या मिश्रधातूची बारकी नाणीही येतात. नाशिकच्या कितीतरी संग्राहकांचा संग्रह या घाटावर सुरू झाला. पूर्वी यातली बरीच नाणी मोडीत वजनावर जात. संग्राहक घ्यायला लागले, तशी ती वाचली. पण घाटावरून घेतलेले नाणे पाकिटात पडते तेव्हा त्यावर ‘गोदावरी, नाशिक’ एवढेही लिहिलेले नसते, आणि दोन पिढ्यांनी ते पाकीट पुण्या-मुंबईच्या लिलावात गेले की नाशिकशी त्याचा संबंध संपतो. अंजनेरीच्या शिकवणीचा खरा परिणाम इथे दिसतो. तिथे बसून आलेले संग्राहक वही ठेवू लागले: तारीख, जागा, कोणाकडून, कशासोबत, वजन, व्यास. माझ्या माहितीत असे संग्राहक आहेत जे झारेकऱ्यालाच विचारतात, कोणत्या घाटाखाली, किती खोलीवर? आणि तो मन लावून सांगतो, कारण नदीचे तळ त्याच्याइतके कोणालाच माहीत नाहीत.

कायद्याची माहिती हाही या शिकवणीचा भाग असायला हवाच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले धन सापडले आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर कलेक्टरला कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. शेतकऱ्याला भीती वाटते की सरकार सगळे घेऊन जाईल आणि वर चौकशी लागेल. म्हणून हंडा सापडला की तो रातोरात फुटतो. मालक सापडत नसेल तर सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटा देण्याची तरतूद त्या जुन्या कायद्यातच आहे, हे गावात कोणाला सांगितलेले नसते. गावातला इतिहासशिक्षक किंवा सराफ हे सांगू शकतो, पण त्याला आधी कोणीतरी शिकवलेले असावे लागते.

संस्थेने नाण्यांच्या जोडीला आदिम कला, चित्रे, मातीच्या आणि धातूच्या वस्तू यांनाही आपल्या कक्षेत घेतले, आणि तेही योग्यच. आहत नाण्यावरचे सूर्य, डोंगर, कुंपणातले झाड, बैल ही चिन्हे मातीच्या मुद्रांवर, लेण्यांच्या भिंतीवर दिसतात. एक वाचायला शिकले की दुसरे सोपे जाते.

एक उणीव मात्र मोकळेपणाने मांडायला हवी, आणि ती केवळ अंजनेरीची नाही. नाणेशास्त्राचे जवळजवळ सगळे चांगले लेखन इंग्रजीत आहे. गुप्तांनी हिंदीत भरपूर लिहिले, मराठीत तितके कोणी लिहिले नाही. सिन्नरच्या शिक्षकाला जोगलटेंभीबद्दल वाचायचे तर शंभर वर्षांपूर्वीचे इंग्रजी नियतकालिक शोधावे लागते. जीएच सूचीतल्या चिन्हांना मराठी नावे देऊन एक खिशात मावणारी पुस्तिका, पांडवलेणीतल्या लेखांचा व्याजाच्या हिशेबासकट सोपा अनुवाद आणि शिवराईच्या प्रकारांचा एक तक्ता, एवढे झाले तरी जिल्ह्यातल्या प्रत्येक हायस्कुलात नाणेशाळा भरू शकेल. प्रतिकृतींचा संच आणि दोन भिंगे यांचा खर्च फार नाही.

हे काम आता तातडीचे झाले आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांची, रस्त्यांची आणि नदीकाठची कामे होणार, जेसीबी चालणार, गाळ उपसला जाणार. ट्रकमधून जाणाऱ्या त्या गाळात काय असेल ते झारेकऱ्यांना माहीत आहे. अंजनेरीत शिकून गेलेल्या शिक्षकांनी, सराफांनी, संग्राहकांनी आपापल्या भागातल्या कामांवर लक्ष ठेवावे. काही सापडले तर ते ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत त्याचा फोटो काढावा, भांडे फोडू नये, नाणी वाटू नयेत, धुऊ तर मुळीच नयेत. वहीत तारीख, जागा, खोली, नाण्यांची संख्या आणि पाहणाऱ्या दोघांची नावे लिहावीत, आणि त्याच दिवशी तलाठ्याला व पुरातत्त्व खात्याच्या नाशिक कार्यालयाला कळवावे.